मासे न खाणारा सुतार

आमच्या गोदामात इंटरनेट आलं तेव्हा मला त्याचं अप्रूप वाटलं नाही, वैताग आला. बहारीनच्या मीना सलमान बंदराच्या मागे जहाजांच्या सुट्या भागांचं ते गोदाम होतं आणि मी तिथला कारकून. माझ्या टेबलावर आधीच टेलेक्स, फॅक्स आणि फायलींचे ढीग होते. त्यात मालकाने एक दिवस कॉम्प्युटर आणून ठेवला, फोनची वायर त्याला जोडून दिली आणि सांगितलं की यापुढे पार्ट नंबर यावर शोधायचे. म्हणजे काम तेच, फक्त बोलणी खायला आणखी एक निमित्त. एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. त्यात कुणी फोन उचलला की सगळं मुसळ केरात.

दुपारी बारा ते तीन गोदाम बंद असायचं. बाकीचे जेवून रॅकच्या मागे पुठ्ठे अंथरून आडवे व्हायचे. मला दुपारची झोप येत नाही, त्यामुळे मी त्या यंत्रासमोर बसून राहायचो. पंधरा दिवस क्रिकेटचे स्कोअर वाचले, हवामान वाचलं, रत्नागिरी असा शब्द टाकून जे येईल ते वाचलं. मग एका दुपारी वडिलांचं नाव टाकलं.

काही आलं नाही. येणार तरी काय होतं.

वडील सुतार होते. मी पाच वर्षांचा असताना ते लाँचने आखातात आले. लाँच म्हणजे इंजिन बसवलेलं लाकडी गलबत. त्या काळी आमच्या किनाऱ्यावरची पुष्कळ माणसं कागदपत्रांशिवाय तशीच यायची, आणि जिथे उतरवतील तिथे उतरायची. पहिल्या दोन वर्षांत त्यांची सहा-सात पत्रं आली. शेवटचं बहारीनहून. त्यानंतर काही नाही. पुढे आखातातून परतलेल्या एकाने सांगितलं की ते कुठल्याशा लाँचवर चढले आणि ती लाँच बुडाली. दुसऱ्याने सांगितलं की दोह्याच्या बाजारात ते एका बाईबरोबर दिसले, सोबत दोन पोरं होती. दोघांनीही स्वतः काही पाहिलेलं नव्हतं, दोघांनाही कुणीतरी सांगितलं होतं. गावाने त्यातली दुसरी गोष्ट उचलली. ती जास्त चवदार होती.

आई कुंकू लावत राहिली. गावात बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही की दर्भाचा पुतळा करून त्याचे दिवस करतात. बारा वर्षं झाली तेव्हा चुलते आणि गावातले चार जाणते आमच्या पडवीत येऊन बसले. आई आतूनच म्हणाली, "बारा वर्षां झाली म्हणून माणूस मरत नाय. मेल्याला कोणी बघितलंय?" ते उठून गेले. त्यानंतरही तिचं कपाळ तसंच राहिलं आणि हळदीकुंकवाला बायका तिला बोलवत राहिल्या. पण ती निघून गेली की मागे काय बोललं जातं ते मला पोरांकडून कळायचं. टाकलेली, हा शब्द मी त्याचा अर्थ कळायच्या आधी ऐकला.

बहारीनला नोकरी मिळतेय म्हटल्यावर मी पगार, राहायची सोय, ड्युटीचे तास, काही एक विचारलं नाही. लोकांना मी सांगायचो की सहज संधी आली. ते खोटं होतं.

पण इथे येऊन वडिलांना शोधायचं कसं? मला त्यांच्याबद्दल माहीतच काय होतं? डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. लाकूड तासताना वाकस बसला होता. ते बोट मला स्वतःला आठवत होतं, बाकी चेहरासुद्धा नीट आठवत नव्हता. दुसरी गोष्ट आईने सांगितलेली. माझ्या पाठची बहीण तापाने गेली तेव्हा वडिलांनी मासे सोडले, ते कायमचे. समुद्राकाठचा माणूस आणि मासे खात नाही, हे ऐकून कुणीही हसेल. मी लहानपणी वडिलांचा विचार करायचो तो ताटातला मासा बाजूला सारणारा माणूस म्हणूनच. गाव काही का म्हणेना, मेलेल्या मुलीसाठी मासे सोडणारा माणूस दुसरं घर करणार नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

त्या दुपारच्या रिकाम्या वेळात मला एक साइट सापडली. इथे नोकरी करून गेलेला कुणी गोरा इंजिनिअर निवृत्त होऊन आपल्या देशात बसला होता आणि जुन्या आखाताच्या आठवणी, जुने फोटो लावत होता. खाली एक गेस्टबुक होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याने चार ओळी लिहायच्या. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं. माझे वडील रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे सुतार, डावी करंगळी अर्धी, मासे खात नसत, शेवटचं पत्र बहारीनहून, थंडीच्या दिवसांत बुडालेल्या एका लाँचवर ते होते असं कुणी म्हणतं, कुणाला काही आठवतं का? नाव मुद्दामच दिलं नाही. लाज वाटली. लिहून झाल्यावर दहा-बारा दिवस रोज उघडून पाहिलं. मग पाहणं सोडलं आणि थोड्याच दिवसांत विसरूनही गेलो.

पुढच्या हिवाळ्यात आमच्याकडे मुलगी झाली आणि आईला तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. गुदैबियात दोन खोल्यांचा आमचा फ्लॅट, खाली मलबारी किराणा दुकान, समोर इराण्याची रोट्यांची भट्टी. आईला वाटलं होतं की बहारीन म्हणजे सगळा समुद्र असेल. खिडकीतून दुसऱ्या बिल्डिंगीची खिडकी दिसते हे बघून ती माझ्या बायकोला म्हणाली, "हितं तुमी राहता?" पण संध्याकाळी मी कामावरून आलो की ती पोरीला मांडीवर घेऊन बसायची आणि हळूच विचारायची की बंदर कुठल्या बाजूला, जुनी माणसं कुठे उतरायची. मी चिडायचो. तिच्यावर नाही, पण आवाज तिच्यावरच चढायचा.

ती येऊन दीड महिना झाला असेल. एका दुपारी मी सहज लाँच आणि रत्नागिरी असे शब्द टाकले आणि एक वेगळंच पान उघडलं. काळी पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं, कोपऱ्यात छोटासा नांगर. आखातात बुडालेल्या लाकडी लाँचेस आणि त्यांच्यावर गेलेली माणसं यांची यादी. नीट आखलेला तक्ता होता. त्यात एका ओळीत लिहिलेलं होतं की हिवाळ्यात बहारीनजवळ बुडालेल्या लाँचवर रत्नागिरीच्या किनाऱ्याचा एक सुतार होता, नाव अज्ञात, डाव्या हाताची करंगळी अर्धी, मासे न खाणारा.

मी उठून उभा राहिलो. बसलो. पुन्हा वाचलं. मासे न खाणारा. हे जगात माझ्याशिवाय आणि आईशिवाय कुणाला माहीत असणार? वडिलांबरोबर जेवलेल्या माणसालाच. मी आणखी शोधलं तर आणखी एका पानावर तीच ओळ सापडली. दोन ठिकाणी.

आता लिहिताना माझी मलाच कीव येते. ती ओळ मला ओळखीची वाटली होती. वाचता वाचता पुढचा शब्द मला आधीच कळत होता. पण मी समजलो की खरं असल्यामुळे ते ओळखीचं वाटतंय.

गोदामात माल उतरवून घेणारे एक चाचा होते, रायगडकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. मालावर सही त्यांची लागायची. बाहेरून पॅकिंग कितीही सुरेख असो, पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेल्या असोत, चाचा कार्टन उघडल्याशिवाय सही करत नसत. ट्रकवाले ओरडायचे, यल्ला, यल्ला, आणि चाचा शांतपणे कातर शोधायचे. मी त्यांना प्रिंट दाखवला आणि त्यातलं वाचून दाखवलं. त्यांना माझ्या वडिलांचं सगळं ठाऊक होतं. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली.

"हा जो लिवनारा हाय," ते म्हणाले, "त्यानं सोताच्या डोल्यांनी बघितलान, का त्याला कोनी सांगितलान?"

"ते नाही दिलेलं."

"कदी लिवलान?"

"तेही नाही. पण चाचा, दोन ठिकाणी आहे हे. एक चुकेल, दोघं कशी चुकतील?"

"एका फॅक्टरीतनं दोन कार्टनं आली म्हनजे माल दोनदा तपासला असा होतो काय?" त्यांनी कागद मला परत दिला. "त्याला इचार. जबाब येईपरत आयेला बोलू नको."

पानाच्या तळाशी ईमेल पत्ता होता. मी त्याच दुपारी लिहिलं, ही माहिती तुम्हाला कुठून मिळाली? इथपर्यंत मी शहाण्यासारखा वागलो. उत्तराची वाट मी चार दिवस पाहिली.

चौथ्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा आई खिडकीत उभी होती. मला म्हणाली की खालच्या दुकानात एक म्हातारा दिसला, पाठमोरा, चाल अगदी तशीच होती, मी जिना उतरून गेले पण तो निघून गेला. जिना उतरून. गुडघे धरून चालणारी बाई तीन मजले उतरून गेली होती, एका पाठमोऱ्या म्हाताऱ्यासाठी. माझं डोकं फिरलं. मला हे सगळं एकदाचं संपायला हवं होतं. वडील मेलेले असणं मला हवं होतं, हे आता स्पष्टच सांगतो. मेलेल्या बापाचा मुलगा होणं सोपं असतं. मी खिशातून प्रिंट काढला आणि तिथेच उभ्या उभ्या तिला वाचून दाखवला.

बायको पोरीला घेऊन दारात उभी होती. आई खाली बसली. "परत वाच," म्हणाली. मी परत वाचलं, आमच्या भाषेत करून. करंगळीपाशी तिने मान हलवली. माशांपाशी ती माझ्याकडे बघायला लागली.

"मासे नाय खायचा, असं लिवलंय?"

"हो. म्हणून तर. हे दुसऱ्या कुणाला कसं कळणार?"

"खरा," ती म्हणाली. "कसा कळणार."

मग तिने विचारलं की हा कागद गावी पाठवता येईल का, चुलत्यांना. मी म्हटलं, येईल. ती उठून मोरीत गेली. पाण्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा कपाळ कोरं होतं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत मी ते कोरं कधी पाहिलं नव्हतं. कुंकवाच्या जागी कातडी थोडी फिकट पडली होती. माझी बायको भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. आई रडली नाही. तिने मंगळसूत्र काढलं, बायकोच्या हातात दिलं आणि बांगड्या उतरवायला साबण मागितला.

शुक्रवारी सुट्टी असते. एरवी एका कंपनीत हिशेबनीस असलेले आणि सुट्टीच्या दिवशी पूजा सांगणारे एक गुरुजी होते, त्यांना घेऊन आम्ही अरादच्या किनाऱ्याला गेलो. किल्ल्याच्या मागे ओहोटीचा चिखल होता, घोट्यापर्यंत पाय जात होते. पुतळा इथे जाळायला कोण परवानगी देणार, म्हणून तो विधी गावी चुलत्यांनी करायचा असं ठरलं होतं. इथे नुसती तीळ-पाण्याची ओंजळ आणि भाताचा पिंड. मी पिंड ठेवून मागे सरतोय तोच सीगल पक्ष्यांची एक झुंड आली आणि घास घेऊन गेली. कावळाच लागतो का, असं मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, परदेशात चालतं. मला हसू आलं आणि स्वतःची शिसारीही आली. आई पदर डोक्यावर घेऊन पाण्याकडे बघत उभी होती. परतताना गाडीत तिला झोप लागली. त्यानंतर ती रोज झोपायला लागली, गाढ, लहान मुलासारखी. बायको म्हणाली, "बरं केलंत सांगितलंत ते." मलाही तसंच वाटलं. चाचांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी दुकानातून खजूर आणून माझ्या हातात दिले, आईसाठी.

प्रिंट मी गावी चुलतभावाच्या पत्त्यावर पाठवून दिला. त्याचा फोन आला की कागद चारचौघांत वाचला, शाळेतल्या मास्तरांनी अर्थ सांगितला, पुतळ्याचं झालं. त्याने मला हेही सांगितलं की ज्या बायकांनी तोंडं वाकडी केली होती त्या आता येऊन आईची चौकशी करून जातात.

उत्तर आलं ते त्यानंतर आठवड्याने. सभ्य, छान ईमेल होता. त्या गृहस्थाने लिहिलं होतं की मी स्वतः कधी आखातात गेलेलो नाही, मला बुडालेल्या जहाजांचा छंद आहे, ही नोंद मी अमुक एका साइटच्या गेस्टबुकातून घेतली. दुसऱ्या पानावर तीच ओळ का होती तेही त्याने सांगितलं, त्या दुसऱ्या पानवाल्याने ती याच्याच यादीवरून उतरवली होती. शेवटी लिहिलं होतं, या सुताराबद्दल तुमच्याकडे काही अधिक माहिती असल्यास जरूर कळवा, यादी पूर्ण करायला मदत होईल.

मी ते गेस्टबुक उघडलं. पान पूर्ण उघडेपर्यंत मला कळून चुकलं होतं. माझ्याच ओळी. माझंच मोडकं इंग्रजी. मी प्रश्न म्हणून विचारलं होतं ते त्याने घडलेलं म्हणून लिहून टाकलं होतं, इतकंच. अख्ख्या जगातून एका माणसाने माझ्या वडिलांबद्दल काही लिहिलं होतं आणि तो मी होतो.

जेवणाची सुट्टी संपली, शटर वर गेलं, तरी मी बसून होतो. चाचा आले. मी त्यांना सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, तुला बोललो होतो. त्यांनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसले. म्हणाले, "आयेला सांगशील?" मी म्हटलं, "माहीत नाही." ते म्हणाले, "सांग. उपाशी ठेव पन अंधारात ठेवू नको." एवढं बोलून ते ट्रककडे गेले.

मी सांगितलं नाही. एक आठवडा, दोन आठवडे. रोज घरी आलो की ते कोरं कपाळ समोर यायचं. मीच पुसलं होतं ते. त्यात ती बरी दिसत होती, पोरीशी खेळत होती, खालच्या मजल्यावरच्या मलबारी बाईशी खाणाखुणांनी बोलत होती. तिचा व्हिसा संपायला चार दिवस उरले तेव्हा मात्र माझ्याने राहवेना. बायको पोरीला डोस द्यायला दवाखान्यात गेली होती. आई कपडे घडी करून पिशवीत भरत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. मी कसं लिहिलं, त्याने कसं उचललं, तो माणूस कोण, सगळं. शेवटी म्हटलं, "त्यांचं काय झालं ते आपल्याला काहीच कळलेलं नाही, आई. माझं चुकलं."

ती घडी करत राहिली. एक लुगडं झालं, दुसरं घेतलं.

"मला म्हायत व्हता," ती म्हणाली.

मला वाटलं तिला नीट समजलं नाही. मी पुन्हा सांगायला लागलो. तिने हाताने थांबवलं.

"तू वाचलंस तवाच कळला. तुझा बापूस मासे खायचा. मासा नसला तर ताट भिरकवायचा. पोर गेली त्याच्या बाराव्या दिवशी पण खाल्लान."

मी पिशवी बाजूला सारली.

"मासे मी सोडले," ती म्हणाली. "तू लहान व्हतास. शाळेतून रडत यायचास, बापूस टाकून गेला म्हणतात म्हणून. तुला काय सांगणार व्हते? तो चांगला व्हता, एवढा तरी सांगायला नको? मग मीच सांगितला, पोरीसाठी मासे सोडलान त्यानं."

म्हणजे मला वडिलांबद्दल जे पक्कं ठाऊक होतं ते हे. आई एकटीच सांगणारी होती आणि मी कधी दुसऱ्या कुणाला विचारलं नव्हतं. त्या यादीवाल्याला दोष देण्याचा मला काय अधिकार होता.

"मग पुसलंस कशाला?" मी ओरडलोच. "खोटं आहे हे कळलं होतं, तर पुसलंस कशाला? बारा वर्षं झाली तेव्हा तू कुणाचं ऐकलं नाहीस."

"तवा नुसता रिवाज व्हता," ती म्हणाली. "रिवाजानं दिवस केले असते तरी लोक म्हणालेच असते, तिकडं दुसरं घर केलान म्हणून. आता कागद हाय. विंग्रजी. बुडाला म्हणून लिवलंय. बुडालेल्या माणसानं बायको टाकली असं कोणी बोलत नाय."

तीन मजले उतरून गेलेली बाई हीच, हे मला जुळवता येत नव्हतं. मी ते विचारलंही. ती म्हणाली, "वाट तर बघतेच रे. ती काय कपाळावर असते?" मग तिने पिशवीची चेन ओढली, ती अडकली, मी लावून दिली. ती म्हणाली, "गावात कोणाला बोलू नको. मरेपरत नको. तुला माझी आण हाय."

विमानतळावर ती आत जाताना मागे वळली नाही. व्हीलचेअर ढकलणाऱ्या पोरीशी काहीतरी बोलत होती.

त्या यादीतून ती ओळ काढून टाका असं मी त्या माणसाला लिहायला बसलो होतो. पत्र अर्धं झालं. नोंद चुकीची आहे, ती माझ्याच प्रश्नावरून केलेली आहे, आणि मासे न खाण्याची गोष्ट खरी नाही. मग मनात आलं की गावातला मास्तर उद्या कुठे तालुक्याला जाऊन हे पान उघडून बघेल आणि ओळ नसेल तर काय? मी पत्र खोडलं. दुसरं लिहिलं, अधिक माहिती उपलब्ध नाही. पुढे ती ओळ आणखी दोन-तीन पानांवर पसरलेली मी पाहिली. एका ठिकाणी तिला लाँचचं नावही जोडलेलं होतं. त्यानंतर मी शोधणं थांबवलं.

आई दोन वर्षांनी गेली, पावसाळा संपताना, एका दिवसाच्या तापाने. चुलतभावाचा फोन गोदामात आला, सकाळी दहाच्या सुमाराला. मला तिकीट मिळून गावी पोचायला दोन दिवस लागले असते आणि तेवढं थांबणं शक्य नव्हतं. तो म्हणाला, आम्ही नेतो, तू दहाव्याला ये. मागे बायकांचे आवाज ऐकू येत होते. मग तो जरा अडखळला.

"एक विचारायचा हाय," म्हणाला. "बायका अडून बसल्यायत. कोणीतरी काढलंय की काकाचा खरं-खोटं कोणाला म्हायत, न जाणो सवाष्ण असली तर, हिरवा नेसवायला होया, ओटी भरायला होयी. तू तिकडं असतोस. तुलाच म्हायत. तो कॉम्प्युटरचा कागद, तो नक्की व्हता ना?"

माल उतरत होता. चाचा रॅकपाशी उभे राहून माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं असतं की नक्की नव्हता, तर तिला हिरवं लुगडं मिळालं असतं, आणि त्याच्याबरोबर टाकलेली हा शब्दही.

"हो," मी म्हणालो. "नक्की होता. मी स्वतः तपासलाय."